काम: काही नाही

आमच्या भागात आमदाराचा दिवस दशक्रियेनं उजाडतो. लोकांना वाटतं, आमदार म्हणजे मंत्रालय, फायली आणि पुढे-मागे गाड्या. तसं काही नसतं. सकाळी साडेसातला पांढरे कपडे, आठला नदीचा घाट. मंडपात महाराजांचं प्रवचन चालू असतं, घरचे पुरुष मुंडण करून पिंडापाशी बसलेले असतात, आणि आपण गाडीतून पाय खाली ठेवायच्या आत माइकवाला आपलं नाव पुकारतो. मग दोन शब्द बोलायचे. दोन शब्द म्हणजे सात-आठ मिनिटं. कमी बोललो तर घरच्यांना वाईट वाटतं, जास्त बोललो तर पुढच्या घाटावरचे ताटकळतात. लग्नाला नाही गेलं तर लोक एकवेळ माफ करतात. दशक्रियेला नाही गेलं तर पुढच्या मतदानापर्यंत लक्षात ठेवतात.

आजवर किती माणसांना मी श्रद्धांजली वाहिली असेल, देव जाणे. निम्म्यांना जिवंतपणी ओळखत नव्हतो. माझा स्वीय सहायक पन्नाशीचा आहे, मराठवाड्यातून कंपनीत कामाला आला आणि पुढं माझ्याकडं टिकला. तो गाडीत मला चिठ्ठी देतो. नाव, वय, मुलं किती, जावई कुठले. त्या चिठ्ठीवर मी बोलतो. कष्टाळू होते, मनमिळाऊ होते, माळकरी होते, कुटुंब एकत्र ठेवलं. ही चार वाक्यं आमच्याकडं बहुतेकांना लागू पडतात, आणि ज्याला पडत नाहीत त्याच्या घरचेही हरकत घेत नाहीत. मेलेल्या माणसाला चांगलं म्हटलेलं कुणाला नको असतं?

हरकत एकदाच घेतली गेली, आणि तीही माझ्याच माणसाच्या दशक्रियेला. त्या सकाळी माझ्या डोक्यात जो गोंधळ सुरू झाला तो अजून पुरता शांत झालेला नाही. भाषण लिहून द्यायला माझ्याकडं माणूस आहे, पण हे मलाच लिहायला लागणार.

त्या माणसाची आणि माझी सावड होती. हा शब्द माझ्या मुलालाही माहीत नाही, म्हणून सांगतो. त्याच्याकडं एक बैल, माझ्याकडं एक. एका बैलानं औत चालत नाही. म्हणून दोघांचे बैल एका जुवाखाली आणायचे, एक दिवस त्याचं रान करायचं, एक दिवस माझं. त्याला कागद नाही, साक्षीदार नाही. माझा बैल पांढरा, त्याचा तांबडा. अशी विजोड जोडी बघून लोक हसायचे. हसू देत. चाकणच्या बाजारात आम्ही कांदा नेला तो त्याच जोडीनं नेला.

वडिलांच्या वेळेपासून सावडीची एक रीत होती. ज्याच्यावर काही आलं, बैल बसला, आजारपण निघालं, भावाभावांत वाजलं, त्याच्या दारात दुसऱ्यानं जाऊन बसायचं. बोलावण्याची वाट बघायची नाही. आणि गेल्यावर विचारायचंही नाही. विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणं. ज्याच्यावर आलंय त्यानंच आधी तोंड उघडायचं, आणि तो उघडेपर्यंत दुसऱ्यानं बसून राहायचं.

एका वर्षी ऐन पेरणीत माझ्या पांढऱ्याचा पाय गेला. मी कुणाला बोललो नव्हतो. सकाळी दार उघडलं तर हा ओट्यावर तंबाखू मळत बसलेला. मी गोठा झाडला, पाणी भरलं, दोरखंड उगाच उलगडून परत गुंडाळला. ताठा, दुसरं काय! तो आपला बसून. उन्हं डोक्यावर आली तेव्हा मी म्हणालो, "पांढऱ्या उठंना."

"बरं," तो म्हणाला, आणि उठून गेला. दुपारी कुठून तरी बैल मागून आणला, तांबड्याशेजारी जुंपला, आणि आधी माझं रान पेरलं. त्याची पेरणी चार दिवस मागं पडली. त्याबद्दल पुढं आमच्यात कधी शब्द निघाला नाही.

मग औद्योगिक वसाहतीची मोजणी आली. मी माझं रान पहिल्या झटक्यात दिलं, त्यानं अडवून अडवून निम्मं ठेवलं. माझ्या वाट्याला जे आलं त्यातून मी टेम्पो घेतला, टेम्पोवरून पाण्याचे टँकर, टँकरवरून माती उपसायची यंत्रं, आणि शेवटी कंपन्यांचं भंगार. भंगारातून वर आलेला, असं विरोधक मला हिणवतात. आलोय, मग? रात्रपाळीच्या गेटवर उभं राहून मी जे शिकलो ते त्यांना कॉलेजात मिळालं नाही. पुढं सरपंच झालो, मग जिल्हा परिषद, मग आमदार. निवडणुकीच्या अर्जात व्यवसायाचा रकाना असतो. तिथं मी 'शेती व व्यवसाय' लिहितो, आणि दर वेळी लिहिताना पेन थांबतं. शेती म्हणावी तर अकरा गुंठे उरलीय, त्यात बायकोनं लावलेली आंब्याची झाडं आहेत. धंदा म्हणावा तर तो आता मुलगा बघतो. आणि आमदारकी हा व्यवसाय आहे असं लिहिण्याची सोय नाही.

आमच्या सावडीतलं जू मात्र माझ्याकडं राहिलं. चाकणच्या कार्यालयात माझ्या खुर्चीमागं भिंतीवर ते टांगलेलं आहे, वरून छोटा दिवा सोडलेला. फोटोत छान येतं. शेतकऱ्याचा पोरगा, मातीशी नातं वगैरे. ते टांगताना मी त्याला विचारलं नव्हतं.

मी आमदार झाल्यावर तो माझ्या कार्यालयात तीनदा आला.

पहिल्यांदा आला तेव्हा बाहेरच्या बाकावर दोन तास बसून होता. सहायक आत येऊन म्हणाला, "साहेब, तुमच्या गावचे ते गृहस्थ बसलेत बघा सकाळधरनं. काम विचारलं तर सांगंनात. वहीत काय लिहू?" आमच्याकडं भेटायला येणाऱ्यांची वही असते. नाव, गाव, मोबाइल, काम. काम लिहिल्याशिवाय माणूस आत येत नाही, अशी मीच शिस्त लावलेली.

मी त्याला आत घेतलं. माझ्यासमोर बसला. गावात तो मला गड्या म्हणायचा. इथं चार लोक होते, त्यांच्यादेखत गड्या म्हणवेना आणि साहेब त्याच्या तोंडातून निघेना, म्हणून त्यानं काहीच हाक मारली नाही.

"बोल, काय काम काढलंस?" मी विचारलं.

"काय न्हाई. आलो व्हतो असाच."

मग तो बसून राहिला. मी फोन घेतले, सह्या केल्या, एका कामगाराची बदली थांबवली. तो माझ्याकडं बघत होता, जुवाकडं बघत होता. अर्ध्या तासानं उठला आणि गेला.

माझ्या मनानं घेतलं, याला मागायला लाज वाटतेय. ताठ माणूस आहे, तोंडानं म्हणणार नाही, आपणच ओळखलं पाहिजे. त्याच्या वस्तीवर जाणारा रस्ता खडबडीत होता. महिन्याभरात मी तिथं काँक्रीट टाकून घेतलं. माझा फोटो असलेला फ्लेक्सही लागला. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्यांदा आला तेव्हाही तसंच. बाक, वही, काही नाही. मीच म्हटलं, "रस्ता कसा झालाय?"

"रस्ता बेस झालाय," तो म्हणाला. "पानी आता दारात येतंय."

रस्ता उंच झाला होता आणि त्याचं अंगण खाली गेलं होतं. मी हसलो, तोही थोडा हसला. पण तो एवढ्यासाठी आला नव्हता हे मला कळत होतं, कारण पाण्याचं बोलून झाल्यावरही तो उठला नाही. बसूनच राहिला. तो गेल्यावर मी डोकं चालवलं. मुलगा! मुलाला कुठं तरी चिकटवायचं असणार. मी त्याच दिवशी एका कंपनीच्या नावे शिफारशीचं पत्र काढलं आणि घरी पोचवलं. रात्री मुलाचा फोन आला. "काका, मी नऊ वर्षं झाली पर्मनंट हाय," तो म्हणाला. "तुमच्या पत्रात हेल्पर लिहिलंय." मी सहायकावर ओरडलो. त्याची काय चूक होती, मलाही माहीत नाही.

तिसऱ्यांदा आला तेव्हा मला घाई नव्हती, तरी घाईत असल्याचं दाखवलं. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तो समोर बसला आणि गप्प राहिला. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. माझा तोल गेला.

"एकदाचं सांगून टाक बाबा," मी म्हणालो. "काय पायजे तुला?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मी भलत्याच भाषेत बोललो होतो. "मला?" तो म्हणाला. आणि उठला. दारापर्यंत गेल्यावर वळून जुवाकडं एकदा बघितलं, आणि निघून गेला.

त्यानंतर दोन महिन्यांनी तो गेला. झोपेतच. अधिवेशन चालू होतं, मी मुंबईत होतो. निघता आलं असतं. निघालो नाही. कुणीतरी म्हटलं, दशक्रियेला जाऊ साहेब, तेव्हा सगळे असतात. मला ते पटलं, हे लिहायला लाज वाटते.

त्या सकाळी तीन दशक्रिया होत्या, त्यातली त्याची दुसरी. पहिल्या घाटावर उशीर झाला. वाटेत कंपन्यांच्या बसगाड्यांमागं अडकलो, मी फोनवर होतो. मंडपात पोचलो तोच माइकवर नाव झालं. उभा राहिलो, हात जोडले, आणि माझ्या तोंडातून ती चार वाक्यं जशीच्या तशी बाहेर पडायला लागली. कष्टाळू होते. मनमिळाऊ होते. माळकरी होते.

समोरच्या रांगेतून एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "कोन माळकरी?"

त्या माणसानं जन्मात माळ घातली नव्हती. जत्रेतल्या मटणाचा पहिला वाडगा त्याचा असायचा, आणि दुसरा माझा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण हातात चिठ्ठी नव्हती, तर जीभ आपल्या वळणावर गेली. "म्हणजे मनानं," मी म्हणालो. "मनानं माळकरी होते." महाराजांनी मान हलवून मला सांभाळून घेतलं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, बायकांत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

मग पिंड ठेवला, आणि कावळा येईना.

आमच्याकडं पिंडाला कावळा शिवला की माणूस सुटला असं धरतात. नाही शिवला तर काहीतरी इच्छा राहिलीय. मग घरचे, भावकी, सोयरे, सगळे हात जोडून एकेक बोलायला लागतात, तुझं हे करू, तुझं ते करू. नदीपलीकडच्या झाडावर सात-आठ कावळे बसले होते. खाली बघत होते. एकही हलत नव्हता.

मुलगा म्हणाला, "आण्णा, आईला सांभाळीन." नाही. भाऊ म्हणाला, "बांधाचा वाद मिटवला बघ." नाही. जावई काहीतरी पुटपुटला. कावळे ढिम्म. तेव्हा मघाचाच म्हातारा माझ्याकडं वळला. "सायेब, तुमी बोला. तुमच्याकडं चकरा मारत व्हता तो. काय तरी काम राह्यलं आसंल."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं. मागून कुणी तरी म्हणालं, "गटाराचं बोला सायेब! पानी शिरतंय त्यांच्या दारात."

आणि मी, विधानसभेचा सदस्य, पिंडापुढं हात जोडून बोललो, "रस्त्याच्या कडेनं गटार करून देतो." कुणीतरी सांगितलं, मोठ्यानं बोला. मी मोठ्यानं बोललो. कावळे बसून. "पोराला चांगल्या पोस्टवर घेतो." मुलगा माझ्याकडं बघायला लागला. "वस्तीवर पाण्याची टाकी." कुजबुज सुरू झाली. मतदारसंघातल्या सभेत मी याहून मोठी आश्वासनं दिलीत, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्यात. इथं आठ कावळे माझ्याकडं बघत होते आणि एकाचाही विश्वास बसत नव्हता.

मग मला जू आठवलं. तेच असणार! तिन्ही वेळा त्याची नजर तिकडं गेली होती. त्याचं आणि माझं जू, मी एकट्यानं भिंतीवर टांगलेलं. मी पुढं वाकलो, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणालो, "गड्या, जू तुझ्या घरी आणून देतो." मला खात्री होती. मी वर बघितलं.

एक कावळा उडाला. आमच्या डोक्यावरून गेला, आणि मंडपामागं स्वयंपाकाच्या भांड्यांवर जाऊन बसला.

अर्धा तास वाट बघून गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. तशी सोय शास्त्रात आहे. लोक उठले. सहायक कानाशी म्हणाला, "साहेब, चला बरं, तिसरे थांबलेत." मी तिसऱ्या घाटावर गेलो. तिथं चारही वाक्यं बरोबर लागू पडली, कावळाही लगेच शिवला. त्या घरच्यांनी माझा हात धरून सांगितलं, साहेब, तुमचा पायगुण.

दुपारी मी कार्यालयात बसलो, पण कशात लक्ष लागेना. काय पाहिजे होतं त्याला? रस्ता नाही, नोकरी नाही, जू नाही. तीन वेळा माणूस बारा किलोमीटरवरून, बस बदलून येतो, बाकावर बसतो आणि काही मागत नाही. असा माणूस मी बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता. माझ्यासमोर रोज शंभर माणसं येतात, आणि शंभरांना काहीतरी हवं असतं. आता तो गेला, आणि जे काही हवं होतं ते घेऊन गेला. माझ्यामुळं तो अडकला असेल तर? मी देवभोळा नाही. तरी ते कावळे डोळ्यांपुढून हलेनात.

मी सहायकाला वह्या आणायला सांगितल्या.

पहिली नोंद सापडायला वेळ लागला. त्याचं नाव, गाव, मोबाइलच्या रकान्यात रेघ, आणि शेवटी सहायकाच्या अक्षरात, 'काम: काही नाही.' मी पान बघितलं, आदलं पान बघितलं. आदल्या नऊ दिवसांची पानं कोरी होती. का कोरी? मग आठवलं. तेव्हा मी चिंचवडच्या एका दवाखान्यात होतो. छातीत कळ आली होती, हृदयाच्या नळीत दोन ठिकाणी जाळी बसवली. लोकांना सांगितलं होतं, साहेब दौऱ्यावर आहेत. आमदार आजारी म्हटलं की दुसऱ्या दिवशी तीन जण इच्छुक होतात. तो आला तो मी कार्यालयात परत बसलो त्याच्या पहिल्या दिवशी.

दुसरी नोंद. 'काम: काही नाही.' त्याच आठवड्यात माझा मुलगा भांडून घर सोडून गेला होता. उरलेल्या अकरा गुंठ्यांवर त्याला गाळे काढायचे होते, आणि मी त्याच्यावर हात उगारला होता. लग्न झालेल्या, पोराबाळांच्या बापावर. तो सामान घेऊन मारुंजीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेला. बाहेर आम्ही सांगितलं, सुनेच्या नोकरीला हिंजवडी जवळ पडतं म्हणून.

तिसरी नोंद शोधायला लागली नाही. ते पान उघडलं की समोरच दिसत होती. आमच्या पक्षात वरती फाटाफूट झाली होती, आणि दोन दिवस मी कोणत्या बाजूला आहे हे मलाच ठरवता येत नव्हतं. रोज अंगणात मावत नाहीत एवढी माणसं असतात. त्या दिवशी माझ्या दारात दिसलं तर आपल्यावर शिक्का बसेल म्हणून कुणी फिरकलं नाही. अख्ख्या पानावर एकच ओळ होती. एक नाव, एक गाव, मोबाइलला रेघ. काम: काही नाही.

तो सावडीच्या रीतीनं आला होता. माझा बैल बसलाय एवढं त्याला कळलं होतं, गावात कळायचं ते कळतंच. तो येऊन बसला आणि मी तोंड उघडेन याची वाट बघत राहिला. आणि मी साहेब झालो होतो, म्हणून तोच तोंड उघडेल याची वाट बघत राहिलो. तिन्ही वेळा. वर विचारलं, काय पायजे तुला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर न जाता मी त्याच्या वस्तीवर गेलो. एकटा. सहायक म्हणाला, "साहेब, दोन दशक्रिया हायत, लोक काय म्हणतील?" त्याला म्हटलं, काय म्हणायचं ते म्हणू देत. गाडी लांब लावली आणि काँक्रीटवरून चालत गेलो. अंगणात खरंच पाण्याचा ओघळ पडला होता, त्यावर त्यांनी फरशीचे दोन तुकडे टाकले होते. ओट्यावर जाऊन बसलो. पांढऱ्या कपड्यांना माती लागली.

वहिनी बाहेर आल्या. मला बघून दारात थबकल्या. पाण्याचा तांब्या ठेवला. "भावजी, गटाराचं बघायला आला व्हय?"

"नाही," मी म्हणालो, आणि पुढं काही बोललो नाही. आता यांच्यावर आलं होतं. माझी बसायची पाळी होती. खिशात फोन थरथरत होता, तो बंद केला. किती अवघड असतं नुसतं बसणं! पाच मिनिटांत मला चुळबुळ व्हायला लागली. चार वेळा तोंडाशी आलं, काही लागलं तर सांगा. तेवढं गिळलं. वहिनी उंबऱ्याशी उभ्या राहून लांबच्या कंपनीच्या शेडकडं बघत होत्या.

बऱ्याच वेळानं त्याच बोलल्या. "ते बी तुमच्याकडं असंच बसून येत व्हते."

मी मान हलवली.

"घरी आले की चिडायचे माझ्यावर. म्हनायचे, 'जाऊन बसलो, पर गडी तोंडच उघडत न्हाई.' दुसऱ्या येळंला म्हनले, 'मलाच इचारतोय काय काम हाय. आलंय त्याच्यावर, आन इचारतोय मला.'" त्या थोडं हसल्या. मग हसू गेलं. "तिसऱ्या येळंला आले ते जेवलेच न्हाईत. किती इचारलं, तवा म्हनले, 'त्याला आता सांगता येत न्हाई गं. इसारलाय तो.'"

घाटावर मी काय काय देऊ केलं होतं, ते सगळं आठवलं. गटार, टाकी, पोस्ट.

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. "आमी दोघं लई डोकं खाजवलं, भावजी," त्या म्हणाल्या. "पर नेमकं काय ते समजलंच न्हाई. काय झालं व्हतं तुमाला?"

मी आयुष्यभर माइकपुढं बोललो. हजार माणसांपुढं माझी जीभ अडखळत नाही. त्या ओट्यावर मला पहिला शब्द सापडेना. कुठून सुरू करायचं, कुणाला सांगायचं, ऐकणारा तर गेला. मी अंगणातल्या फरशीकडं बघत बसलो. शेवटी म्हणालो, "वहिनी, छातीत दुखत होतं."

"बरं," वहिनी म्हणाल्या, आणि पुढचं ऐकायला उंबऱ्यावर बसल्या.